गोळी कुठली ते नंतर, आधी घाट कधी लागतो ते सांगा

मे महिना आला की लग्नं, गावाला जाणं आणि घाट, त्यामुळे या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त प्रश्न गाडी लागण्याचेच आहेत. केस गळणं, ॲसिडिटीवाल्यांनी जरा दम धरा, तुमचं पुढच्या अंकात घेते. नवीन वाचकांसाठी सांगते की मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, कराडला स्टँडजवळ आमचं मेडिकल आहे आणि चिपळूणकडे जाणाऱ्या गाड्यांमुळे उलटीच्या गोळ्यांवर अर्धं दुकान चालतं म्हटलं तरी चालेल.

प्रश्न: ताई नमस्कार. जाऊबाईंच्या माहेरचं लग्न चिपळूणला आहे, आम्ही सगळे साताऱ्याहून टेम्पो ट्रॅव्हलर करून जाणार. मला घाट आला की मळमळायला लागतं. सासूबाई म्हणतात आलेपाक चघळ, मिस्टर म्हणतात ॲव्होमिन घे, नणंद म्हणते त्याने झोप येते त्यापेक्षा ती जिभेवर विरघळणारी उलटीची गोळी घे, दीर म्हणतात सीटवर पेपर टाकून बस. कोणाचं ऐकू? लग्नात पेंगत फिरायचं नाहीये मला. – एक वाचक, सातारा

उत्तर: मिस्टरांचं ऐका, पण अर्धंच. गोळी बरोबर आहे, ती घ्यायची कधी हे त्यांनी सांगितलं नसणार कारण कोणीच सांगत नाही. आमच्याकडे रोजचं आहे, बस सुटायला आलेली असते, कंडक्टर डबल बेल मारायच्या बेतात, आणि एक जण पळत येतो, एक ॲव्होमिन सुटी द्या पटकन, मी कात्रीने स्ट्रिपचा कोपरा कापून देईपर्यंत त्याचं एक पाऊल बाहेर असतं, गोळी कोरडीच तोंडात टाकतो नि पळतो. आता चिपळूणच्या गाडीला हे खपून जातं, कारण पाटण जाऊन कोयनानगर जाऊन मग कुंभार्ली, म्हणजे खरी वळणं यायला दीड तास तरी जातो आणि तोवर गोळी भिनलेली असते. तोच माणूस परत येताना चिपळूणला सीटवर बसल्यावर गोळी घेतो, आणि तिकडून अलोरे, पोफळी मागे पडलं की लगेच चढच सुरू. मग मला येऊन सांगतो तुमची गोळी जाताना लागू पडते, येताना पडत नाही, कंपनी बदलली का? कंपनी तीच आहे हो, घाट जवळ आला ना!

म्हणून गोळीची वेळ घाटापासून उलटी मोजायची. निघायची वेळ काय ती असू दे.

कारण सांगते. आतल्या कानात तीन वाकड्या नळ्या असतात, त्यात पाण्यासारखा द्रव असतो, गाडी वळली की तो हलतो आणि मेंदूला कळतं आपण फिरतोय. डोळे मात्र समोरच्या सीटच्या रेक्झिनकडे नाहीतर मोबाईलकडे लागलेले, ते सांगतात सगळं जागच्या जागी आहे. दोघांचं जुळत नाही आणि राग निघतो पोटावर. आणि एकदा मळमळ सुरू झाली की पोटाचं काम मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते, पुढे आतड्यात सरकत नाही, मग रक्तात जाणार कुठून? कोयनानगरला चहाला उतरल्यावर, तोंडाला पाणी सुटायला लागल्यावर जे गोळी घेतात ना, त्यांची गोळी बहुतेक वेळा पुढच्या वळणावर बाहेरच येते.

आता तुमच्या कामाचं. ॲव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन, 25 मिलिग्रॅमची, जोरदार आहे, पण झोपही तशीच जोरदार. लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री झोपताना घेतात, छोट्या प्रवासाला एक-दोन तास आधी. रात्री घेतली तर झोप बरीचशी रात्रीच होऊन जाते हा त्यातला फायदा, पण काही जणांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जड वाटतं. दुसरी सिनारिझिन, स्टुगेरॉन म्हणून मिळते, ती दोनेक तास आधी घ्यायची, झोप तुलनेने कमी आणते, आणते पण. तुम्हाला फोटोत डोळे उघडे हवे असतील तर डॉक्टरांना हिच्याबद्दल विचारा. तुमची गाडी उंब्रजवरून पाटणला येणार, तेव्हा साताऱ्यात निघताना घेतली तरी घाटाआधी वेळ मिळतो. येताना मात्र पंगतीतून उठल्या उठल्या गाडीत बसणार असाल तर गोळी पंगतीच्या आधीच. आणि एक काम करा, जी काय गोळी ठरेल ती आधीच्या एखाद्या रविवारी घरी घेऊन बघा किती झोप येते, लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा नको.

नणंदेची गोळी ऑन्डान्सेट्रॉन असणार. चांगली गोळी आहे, केमोथेरपीच्या उलट्यांना, पोट बिघडल्यावरच्या उलट्यांना मस्त चालते, पण गाडी लागण्याचा मार्ग वेगळा आहे, तिथे ती फारशी काही करत नाही. म्हणून दुकानात नुसतं "उलटीची गोळी द्या" म्हणू नका, "गाडी लागते" म्हणा, नाहीतर दुकानदार हीच हातात ठेवेल. तसंच सर्दीची सेट्रिझिन घेऊन काही जण प्रयोग करतात, तीही नाही चालत, कारण या कामाला औषध मेंदूपर्यंत पोचावं लागतं आणि या नव्या, कमी झोपेच्या ॲलर्जीच्या गोळ्या मुद्दाम तिथे कमी पोचतील अशाच बनवल्यात. झोप आणि आराम इथे एकाच पाकिटात येतात, काय करणार.

सासूबाईंचा आलेपाक अगदीच फुकट नाही. 1982 साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता, माणसांना फिरत्या खुर्चीवर बसवून बघितलं तर सुंठेची पूड नेहमीच्या गोळीपेक्षा सरस ठरली, तेव्हापासून आल्याचं नाव झालं. नंतरच्या काही प्रयोगांत फरक दिसला, काहींत काहीच दिसला नाही. माझं मत, आलं गोळीसोबत घ्या, गोळीच्या जागी नको, आणि आलेपाकात साखरच जास्त असते तेव्हा चिमूटभर सुंठ बरी. सासूबाईंना मात्र चघळत असलेलं दिसू द्या.

पेपरवर बसण्याचं काही खरं नाही. पेपर जवळ असू द्या, कशाला ते तुम्हाला माहीत आहे.

आणि लग्नाच्या गाडीत एक वेगळाच त्रास असतो, सगळ्या बायकांचे गजरे, त्यात डॅशबोर्डवरचं ते परफ्युमचं जेल, त्यात कोणीतरी मागे वेफर्सचं पाकीट फोडतं. ड्रायव्हरला सांगून ते जेल काढायला लावा आणि एसी असला तरी तुमची काच दोन बोटं उघडी ठेवा. जागा पुढची, ड्रायव्हरच्या मागची, जिथून समोरचा रस्ता दिसतो. लाजू नका, उलटी करणाऱ्या बाईला पुढची सीट कोणीही देतं.

प्रश्न: पुण्याहून महाबळेश्वरला जाताना आमचा सहा वर्षांचा मुलगा पसरणी घाटात हमखास उलटी करतो. मुलगी दीड वर्षाची आहे, तिला अजून काही झालं नाही पण होऊ नये म्हणून शेजारच्यांकडचं प्रोमेथाझिनचं सिरप दोघांना अर्धं अर्धं दिलं तर चालेल का? – एक बाबा, पुणे

उत्तर: नाही! मुलीला अजिबात नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रोमेथाझिन द्यायचंच नसतं, श्वास मंदावू शकतो, जिवावर बेतू शकतं. शेजारच्यांची बाटली शेजारच्यांना परत द्या. आणि मुळात एवढ्या लहान बाळांना सहसा गाडी लागत नाही, हा त्रास साधारण दोन वर्षांनंतर सुरू होतो आणि बाराव्या वर्षापर्यंत जोरात असतो, मग बहुतेकांचा कमी होत जातो.

मुलाला द्यायचं असेल तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून वजनावर डोस लिहून घ्या. काही मुलं या औषधाने झोपायच्या ऐवजी उलट चेकाळतात, बंद गाडीत ते बघायला नको, तेव्हा तेही आधी घरी.

पण मला वाटतं गोळीच्या आधी त्याची सीट बघा. सहा वर्षांचं पोर मागे बसलं की त्याला दिसतं काय, पुढच्या सीटची पाठ. बूस्टर सीट टाकून उंच बसवा, मधल्या जागेवर, बेल्ट लावून, म्हणजे समोरच्या काचेतून रस्ता दिसेल. टॅबवरचं कार्टून वाईच्या आधीच बंद. पुण्यातून निघताना भरलेला ग्लास दूध पाजायची सवय असेल तर ती सोडा, रिकाम्या पोटीही नको, थोडा खाकरा, चुरमुरे, अर्धी पोळी असं कोरडं काहीतरी. वाईला दहा मिनिटं खाली उतरवून मोकळं फिरू द्या, मग घाट चढा. आणि घाटात दर वळणाला "बाळा, होतंय का? होतंय का?" विचारायचं बंद करा हो, मोठ्या माणसालाही होईल त्याने. गाड्या मोजायला सांगा, लांबच्या, समोरून येणाऱ्या.

प्रश्न: लहानपणी लालपरीच्या मागच्या सीटवर आदळत आपटत गावी जायचो, कधी काही झालं नाही. आता एसी स्लीपर कोचने लातूरला जातो, एवढी आरामाची गाडी आणि इंदापूर यायच्या आत उमासे सुरू. स्वतः कार चालवली तर काहीच होत नाही. वय झालं का? (वय 31) – एक वाचक, हिंजवडी

उत्तर: वय नाही, सस्पेन्शन. आतल्या कानाला सगळे धक्के सारखे त्रास देत नाहीत. सगळ्यात वाईट असतं ते हळू डुलणं, पाच सेकंदांत एक झोका या वेगाचं, बोटीचं असतं तसं. लालपरीच्या कडक पाट्यांनी हाडं खिळखिळी होतात पण ते धक्के भरभर येतात, कानाला त्याचं विशेष नसतं. मऊ एअर सस्पेन्शनवरची उंच गाडी मात्र संथ डुलते आणि वरच्या बर्थवर ते डुलणं सगळ्यात जास्त. शिवाय लालपरीची खिडकी सरकवली की वारा तोंडावर आणि बाहेर शेतं दिसायची, इथे तुम्ही पडदा ओढून, उशी भिंतीला टेकवून, मोबाईलवर सिरीज बघत अर्धवट बसलेले असणार. बरोबर ना?

उपाय फुकटचा आहे. खालचा बर्थ घ्या, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला, गाडी निघाली की सरळ उताणं झोपा, डोके हलू देऊ नका, डोळे बंद. कानातून गाणी ऐका हवं तर, स्क्रीन नको. आडवं पडल्यावर त्रास बराच कमी होतो, आणि तुमच्याकडे आडवं पडायची सोय तिकिटातच आहे.

स्वतः चालवताना होत नाही कारण वळण येणार हे मेंदूला तुमच्या हातांकडून आधीच कळतं. आणि ज्यांचं आतल्या कानाचं हे यंत्रच काम करत नाही त्यांना गाडी लागतच नाही, म्हणजे तुमचं यंत्र ठणठणीत आहे असं समजा. मायग्रेन असेल तर मात्र त्याचाही यात हात असतो, डॉक्टरांना सांगा. आणि गाडीत नसतानाही, घरी कुशीवर वळताना खोली गरगरत असेल तर ते वेगळं प्रकरण, कानाच्या डॉक्टरकडे जा.

प्रश्न: वय 68, प्रोस्टेटची गोळी चालू आहे. जूनमधे केदारनाथ-बद्रीनाथ करायचंय. अमेरिकेतल्या मुलाने कानामागे लावायची पट्टी पाठवली आहे, तीन दिवस चालते म्हणतो. अर्धी कापून लावली तर कमी साईड इफेक्ट होतील का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: काका, पट्टी कापायची नसतेच, आणि तुम्ही तर ती लावूच नका तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय. त्यात स्कोपोलामिन असतं. औषध म्हणून खरंच चांगलं आहे, गाडी-बोट लागण्यावर ज्या औषधांचा भरपूर अभ्यास झालाय त्यात हे वरच्या नंबरावर. धडधाकट माणसाने निघायच्या चार तास तरी आधी कानामागच्या कोरड्या, केस नसलेल्या जागी लावायची, मग 72 तास बघायला नको. पण लघवी अडकवणं हा तिचा ठरलेला गुण आहे, आणि प्रोस्टेटवाल्याची लघवी हिमालयात अडकली तर काय होईल विचार करा. काचबिंदूचा एक प्रकार असतो त्यातही चालत नाही, आणि साठीच्या पुढच्यांना कधीकधी या पट्टीने चक्क भ्रम होतो, आपण कुठे आहोत कळत नाही. तोंडाला कोरड पडते ती वेगळीच. पट्टी हाताळली तर हात साबणाने धुवा, तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसायला लागतं. तुमच्या गटातल्या कोणाला वाटून टाकू नका, ही तिळगुळाची वडी नव्हे.

ॲव्होमिनमधेही लघवीचा हाच थोडाफार स्वभाव आहे. सिनारिझिन काहीजण चक्करवर महिनोन्‌महिने घेत राहतात, त्याने उतारवयात हात थरथरायला लागू शकतात, प्रवासापुरती वेगळी गोष्ट. तुमच्या सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यातलं काय चालेल ते त्यांनाच ठरवू द्या. गाडीत पुढची सीट मागून घ्या, टूरवाल्याला बुकिंगच्या वेळीच सांगा, ऋषिकेशला गाडीत बसताना सांगून काही उपयोग नसतो.

आणि हे नीट वाचा. बद्रीनाथ 3,100 मीटरच्या आसपास, केदारनाथ त्याहून उंच, साडेतीन हजारांच्या वर. तिथे गाडीतून उतरून काही तास झाल्यावरही डोकं ठणकतंय, उलटी होतेय, धाप लागतेय तर ते गाडी लागणं नाही, उंची लागली आहे. त्यावर ॲव्होमिन घेऊन झोपून राहणं धोक्याचं. वैद्यकीय कॅम्पमधे दाखवा आणि खाली उतरा, दर्शन राहिलं तरी चालेल.

प्रश्न: ऑफिसचा ग्रुप गेटवेवरून लाँचने मांडव्याला, पुढे अलिबाग. मनगटाचे बँड मागवलेत, एकाने लिंबू हुंगायचं सांगितलंय. बोट लागायला नको म्हणून अजून काय? – एक वाचक, ठाणे

उत्तर: बँडमधली गुंडी मनगटाच्या घडीपासून कोपराच्या बाजूला तीन बोटं सोडून, दोन शिरा लागतात त्यांच्या मधे दाबून बसायला हवी. काही अभ्यासांत फायदा दिसलाय, काहींत साध्या बँडइतकाच. नुकसान काही नाही, घाला. लिंबाचंही तसंच, डिझेलच्या वासापेक्षा लिंबाचा वास केव्हाही बरा, त्यापुढे माझा दावा नाही.

बोटीवर आल्याची मात्र थोडी बाजू घेते. 1988 साली डेन्मार्कच्या नौदलाच्या 80 कॅडेट्सवर खवळलेल्या समुद्रात प्रयोग केला होता, एक ग्रॅम सुंठ घेतलेल्यांना उलट्या कमी झाल्या. आणि डायमेनहायड्रिनेट, म्हणजे ड्रामामाईन, ती गोळी तर सापडलीच चुकून. 1947 मधे अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधे अंगावर पित्त उठतं म्हणून एका बाईला नवीन औषध दिलं, ती म्हणाली पित्ताचं असू दे, येताना ट्राममधे मला नेहमी मळमळतं ते झालंच नाही. मग त्याच वर्षी सैनिकांनी भरलेल्या जहाजावर अटलांटिक ओलांडताना ती तपासली. याच्या उलट बिचारा डार्विन, 1831 ते 1836 बीगल जहाजावर फिरला आणि त्याला शेवटपर्यंत बोट लागतच राहिली, पोटात टिकायचं काय तर मनुका. बहुतेक खलाशांना तीन-चार दिवसांत सवय होते, त्याचं नशीब तसं नव्हतं.

तुमचा प्रवास तासाभराचा, सवय व्हायच्या आत मांडवा येतो. लाँचच्या मधोमध बसा, पुढच्या टोकावर सेल्फीला जाऊ नका कारण सगळ्यात जास्त तेच टोक वर-खाली होतं. खालच्या बंद केबिनपेक्षा उघड्यावर बरं, नजर समोरच्या डोंगरांवर किंवा जिथे आकाश पाण्याला टेकतं तिथे. त्रास नेहमीचाच असेल तर गोळी तासभर तरी आधी, घरून निघताना किंवा लोकलमधे, तिकिटाच्या रांगेत नाही. आणि गोळी घेतली असेल तर अलिबागला पोचल्या पोचल्या बिअर उघडायची नाही, दोन्ही मिळून जी गुंगी येते ती वाईट असते, पोहायला तर मुळीच उतरू नका.

प्रश्न: पाचवा महिना चालू आहे, माहेरी जायचंय, कोल्हापूर ते सावंतवाडी, आंबोली घाट. गोळी चालेल? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: तुमच्या मनाने किंवा माझ्या सांगण्यावरून नाही. गरोदरपणातल्या उलट्यांसाठी डॉक्टर ज्या गोळ्या देतात त्यातली एखादी प्रवासालाही चालू शकते, फोन करून विचारा, त्यांना रोज हा प्रश्न येतो. तोवर पुढची सीट, थोडं थोडं कोरडं खाणं, आणि आजऱ्याला उतरून पाय मोकळे करा.

प्रश्न: गोळी वेळेवर घेतली, पुढे बसले, सगळं केलं, तरी झालीच तर? दुसरी गोळी लगेच घ्यायची का? – एक वाचक, पाटण

उत्तर: लगेच नाही. पहिली पोटात किती राहिली ते आपल्याला कळत नाही, वरून दुसरी घेतली आणि दोन्ही भिनल्या तर दिवसभर शुद्धीवर नसल्यासारखं होईल. गाडी थांबवून खाली उतरा, लांब बघा, पाणी घोट घोट, घटाघटा नको, जास्त झालं असेल तर ओआरएस. एकदा उलटी होऊन गेली की बऱ्याच जणांना अर्धा तास बरं वाटतं, त्या अर्ध्या तासात कोणी भजी पुढे करेल, घेऊ नका. पिशवी हाताशी ठेवा, सामानात खाली दडपलेली नको, गाठ मारून कचऱ्यात टाका, घाटात भिरकावू नका, तिथे माकडं बसलेली असतात. आणि भाजीची जुनी कॅरीबॅग नेणार असाल तर घरून निघतानाच फुगवून बघा, खाली भोक नाही ना.